पांढरं पांढरं दिसेपर्यंत

४ फेब्रुवारी

वहिनी,

सुरुवातीला पाया पडतो असं लिहायचं असतं. पण समोर असताना तू कधी पडू दिलं नाहीस, मग कागदावर कशाला. बरा आहे, वेळेवर जेवतो, खोकला गेला. हे तू विचारणारच, म्हणून आधीच उरकलं.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोन केला की दादा उचलतो, माझं 'हॅलो' ऐकतो आणि एक शब्द न बोलता तुझ्या हातात देतो. मग तू त्याच्यासमोर 'हो, बरं, हो हो' एवढंच बोलतेस. दोन वर्षं झाली या हो-होला. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. सातवीपर्यंतच्या शाळेतलं माझ्याकडे एवढंच उरलंय, अक्षर. तेही तुझ्या भाषेत कोंबडीचे पाय.

काम काय करतोस म्हणून विचारलं होतंस. लाँड्रीत आहे. पण कोपऱ्यावरचं इस्त्रीचं टेबल डोळ्यांसमोर आणू नकोस. हा कारखाना आहे. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, डॉक्टरांचे कोट, सगळं गाड्या भरभरून येतं. धुण्याची यंत्रं एवढी की आत माणूस उभा राहील. त्यानंतर रोलर. दोन तापलेले रूळ असतात, अलीकडून ओली चादर घालायची, पलीकडून कोरडी आणि इस्त्री झालेली बाहेर येते. त्या पलीकडच्या बाजूला मी उभा असतो, माझ्यासमोर मावशी. दोघांनी कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, एकमेकांकडे चालत यायचं, कोपरे जुळवायचे, परत मागे जायचं. दिवसभर हेच. मावशी साठीला आलीय आणि मला दमवते. पहिल्या दिवशी म्हणाली, "नाचायला आलायस का? सरळ चाल."

दादा कपडे शिवतो, मी धुतो. एका घरातले दोघे कपड्यांच्याच मागे लागलो आणि बोलणं मात्र नाही. हस, पण त्याच्यासमोर हसू नकोस.

आता मूळ मुद्दा. आमच्या गाडीचा ड्रायव्हर आहे, सगळे त्याला टोपी म्हणतात, कारण टोपीशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो समारंभांचे फोटो काढायला जातो. त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला वापरायला दिला. मोबाइल नव्हे, खरा कॅमेरा, जड, वर गोल चकती. चकती हिरव्या खुणेवर ठेवली की सगळं आपोआप होतं, आपण फक्त बटण दाबायचं. सोबत तीन फोटो छापून पाठवतोय. मोबाइलवर पाठवले असते तर दादाने बोटाने सरकवून दिले असते. कागद हातात घ्यावा लागतो.

ज्यात मी आहे तो फोटो कापायच्या टेबलावर विसरल्यासारखा ठेव. तो काय म्हणतो ते लिही. काहीच म्हणाला नाही तरी लिही.

तुझी भिंगरी
(तूच ठेवलेलं नाव, अजून फिरतेच आहे)


२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घास तसाच राहिला. तू जसंच्या तसं लिहिलंस हे बरं केलंस. दादाने चष्मा लावला, फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेला आणि म्हणाला, "कपडे धुण्याच्या कारखान्यात राहतो आणि अंगात शर्ट हा असला मळका?"

दोन वर्षांनी माझ्याबद्दल एक अख्खं वाक्य बोलला. आणि वाक्य हे.

वहिनी, शर्ट पांढरा होता. नुसता पांढरा नाही, हॉस्पिटलच्या चादरींसोबत उकळून काढलेला. तसाच तो शर्ट आणि फोटो घेऊन मी टोपीकडे गेलो. तो गाडीत गाठोडी रचत होता.

"हा शर्ट कसला दिसतो?" मी विचारलं.

"पांढरा."

"आणि फोटोत?"

"फोटोत राखाडी. शर्ट हुशार आहे, कॅमेरा बावळट आहे," टोपी म्हणाला. मग गाठोड्यावर बसून त्याने समजावलं. कॅमेऱ्याच्या पोटात उजेड मोजायचं मीटर असतं. त्याला पांढरं काय, काळं काय, काही कळत नाही. समोरचं सगळं एकत्र करून ते मधल्या राखाडी रंगाचं आहे असंच तो धरून चालतो. "तुझ्या मागे चादरीच चादरी. त्याला वाटलं, अरे बापरे, केवढा हा उजेड, कमी करा. केला कमी. मग चादरी मळल्या, तुझा शर्ट मळला आणि मावशीचं तोंड तव्याच्या बुडासारखं आलं."

"कुणाचं तोंड म्हणालास?" मावशी पलीकडून ओरडली. तिला रोलरच्या आवाजात मुकादमाची हाक ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू येतं.

टोपीने खिशातून चिकटपट्टी काढली, कॅमेऱ्याच्या चकतीवरची हिरवी खूण झाकून टाकली आणि चकती 'ए'वर आणून ठेवली. म्हणाला, पट्टी काढलेली दिसली तर कॅमेरा परत.

आता हे 'ए' काय ते तुला सांगतो, मलाही लिहिताना नीट कळेल. 'ए'वर निम्मं काम माझं, निम्मं कॅमेऱ्याचं. उजेड ज्या भोकातून आत येतो ते किती उघडायचं, हे मी ठरवायचं. पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, ते तो हिशोब करून ठरवतो. आकडे मात्र उलटे आहेत, आकडा लहान तर भोक मोठं. आणि त्याचा हिशोब मला पटला नाही तर अधिक-उण्याचं एक बटण आहे. समोर पांढरं जास्त असलं की अधिककडे न्यायचं. म्हणजे त्याला बाजूला घेऊन सांगायचं, बाबा रे, हे खरोखरच पांढरं आहे, घाबरू नकोस.

सोबत नवा फोटो. शर्ट तोच आहे, मधे धुतलेला नाही. दादाला दोन्ही शेजारी ठेवून दाखव. मी मळका राहत नाही, एवढं त्याला कळलं पाहिजे. बाकी नाही बोलला तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण आधी एवढं.

भिंगरी


२० मार्च

वहिनी,

"शर्ट ठीक आहे. मागच्या बाईंचा कोट खांद्यात चुकलाय, डावी बाही वर बसवलीय."

हे वाचून मी एकटाच हसलो. भावाचा फोटो बघायला दिला तर हा मागच्या बाईचा कोट बघतो. ती बाई म्हणजे मावशीच. तिला वाचून दाखवलं. तिने कोपर वर करून स्वतःचा खांदा बघितला आणि म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, कोट बरोबर आहे. माझा खांदाच तसा झालाय. आयुष्यभर याच हाताने चादरी झटकल्यात." थोड्या वेळाने परत म्हणाली, "नजर आहे पण त्याची. तुझ्यासारखा नाही दिसत."

तिचा निरोप त्याला दे. खांद्याची गोष्ट आहे, तो विचार करत बसेल.

तू खाली बारीक अक्षरात लिहिलंस तेही वाचलं. दादा म्हणाला, महिनाभर खेळेल आणि कॅमेरा कोपऱ्यात टाकेल, याला बटण टिकत नाही तिथे काम काय टिकणार. मी घर सोडलं तेव्हा दारात म्हणाला होता तेच. दुकानात मी लावलेली बटणं गिऱ्हाइकाच्या घरी पोचायच्या आत गळायची, हे खरं आहे. मला त्या स्टुलावर बसवायचंच नाही, पाय वळवळायचे. आणि तो काही विचारायचा नाही, नुसतं ठरवायचा. माझी शाळा, माझं स्टूल, माझ्या शर्टाचा रंगसुद्धा. आई-बाबा गेल्यावर सगळं त्याच्यावर पडलं, मला कळतं. पण तरी.

असो. आता मी 'एस'वर आहे.

मावशी पुढच्या महिन्याअखेर काम सोडतेय. लेकीकडे जाणार. परवा चादर जुळवताना म्हणाली, "माझे लग्नाचे फोटो आहेत, नातवंडांसोबतचे आहेत. इथला एक नाही." एवढंच म्हणाली आणि कोपरे घेऊन मागे गेली. म्हणून मी ठरवलं, चादर झटकतानाचा तिचा फोटो काढायचा.

'एस'वर काम उलटं वाटलेलं असतं. पडदा किती वेळ उघडा ते मी सांगायचं, भोक कॅमेरा सांभाळतो. हलणारी गोष्ट थांबवायची तर पडदा पटकन मिटला पाहिजे. म्हणून मी वेगाचा सगळ्यात मोठा आकडा लावला. माझा स्वभाव तुला माहीत आहे. फोटो काळाकुट्ट. आत बघितलं तर भोकाचा आकडा लुकलुकत होता.

टोपी म्हणाला, "तो हात जोडून सांगतोय, साहेब, मी पूर्ण उघडलो तरी एवढ्या उजेडात जमणार नाही. तू त्याच्याकडे बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मग पडद्याचा वेग कमी केला, आयएसओ वाढवला. आयएसओ म्हणजे कमी उजेडात भागवून घ्यायची सोय, पण फार वाढवला की फोटोवर बारीक दाणे येतात. आता चादर थांबली, पण एवढी थांबली की भिंतीला टेकवलेला पत्रा वाटावा. मावशी बघून म्हणाली, "ही धुतलीय की लाकडाची केलीय?"

शेवटी वेग पार उतरवला. टॉवेलांच्या थप्पीवर कोपर टेकवलं, श्वास धरला. समोरचं टोक धरायला टोपी होता, त्याला मावशीच्या शिव्या पडत होत्या, कोपरे सुटत होते. झटका दिल्यावर मावशी एक क्षण स्थिर उभी राहते, हात वर, चादर खाली येण्याची वाट बघत. रोज समोर उभा राहतो म्हणून मला तो क्षण माहीत आहे. तिथे दाबलं.

तो फोटो पाठवतोय. चादर वाऱ्यासारखी पसरलीय आणि मावशीचे डोळे, सुरकुत्या, सगळं स्पष्ट. टोपीने बराच वेळ बघितला. म्हणाला, "पुढच्या रविवारी माझ्यासोबत चल. शाळेचा बक्षीस समारंभ आहे." माझ्यासाठी ही केवढी गोष्ट आहे, तू समजून घे.

भिंगरी


१३ एप्रिल

वहिनी,

पाकीट पातळ लागलं असेल. या वेळी फोटो नाहीत. काम जोरात चालू आहे, उन्हामुळे टॉवेल जास्त येतात. मुकादमाच्या मुलीचं लग्न ठरलं. इकडे सगळं ठीक.

एवढं लिहून पत्र बंद केलं होतं. मग उघडलं. ठीक काही नाही.

शाळेच्या समारंभाला गेलो. हॉल अंधारा, स्टेजवर दिवे. टोपी म्हणाला, इथे 'एम'वर काढ, दिवे बदलणार नाहीत. 'एम' म्हणजे सगळं माझं. भोक मी, पडदा मी, आयएसओ मी. कॅमेरा नुसता आत एक काटा दाखवतो, कमी की जास्त, आपण ऐकलं नाही तरी त्याची तक्रार नाही. मी नीट मोजून लावलं आणि हॉलमधले फोटो झकास आले. एकेक फोटो झाला की मी मागच्या पडद्यावर बघायचो. टोपीने हसत टपली मारली, "कोंबडी अंडी मोजते तसं काय चाललंय? विश्वास ठेव स्वतःवर."

ठेवला. कार्यक्रम संपल्यावर पोरं कप घेऊन अंगणात पळाली, भर उन्हात, आईबाप मागे. टोपी आत पाहुण्यांसोबत. अंगण एकट्या माझ्या अंगावर. मी वाकून, बसून, जिन्यावर चढून काढत सुटलो. एवढ्या आनंदात मी कधी काम केलं नसेल. आणि एकदाही मागे बघितलं नाही, कारण विश्वास.

कॅमेरा हॉलच्याच आकड्यांवर होता, वहिनी. अंधारासाठी लावलेले. काटा आत टोकाला जाऊन बसला असणार, मी त्याच्याकडे बघितलंच नाही. सगळे फोटो कोरे. कुठे दोन बुटं, कुठे केसांची रेघ. एका मुलीचा कप तेवढा दिसतो, मुलगी नाही. पांढरं पांढरं म्हणून मागे लागलो होतो, मिळालं भरपूर.

टोपी रागावला असता तर बरं झालं असतं. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "'एम'वर तुला सांभाळायला कुणी नसतं. म्हणून बघायचं असतं." मग खोलीवर येईपर्यंत गप्प. ही गप्प राहायची तऱ्हा मी आधी घरी बघितली आहे.

दुसऱ्या दिवशी बॅग भरली. दुसऱ्या शहरात एक ओळखीचा टाइल्सचं काम देतो म्हणाला होता. कपाटाची किल्ली मुकादमाला द्यायची आणि निघायचं. कॅमेरा टोपीच्या गाडीत ठेवला, खांद्याला बॅग लावून आत गेलो. मुकादम जागेवर नव्हता. रोलरवर मावशी एकटी, माझ्या जागेवर कुणी लावलेलं नाही, आणि चादरी येतच होत्या. ती एकटीच पुढे-मागे करून घड्या घालत होती, एक टोक दातांत. मला बघून तिने ते टोक काढलं आणि पुढे केलं.

"धर," म्हणाली.

"मावशी, मी निघालोय."

"निघ. ही एवढी धर."

मी बॅग खाली ठेवली आणि धरली. ती झाल्यावर पुढची आली. त्यानंतरची आली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुकादम आला आणि गेला, किल्ली माझ्याच खिशात. बॅगेकडे बघून मावशी म्हणाली, "आत काय आहे?"

"कपडे."

"मळलेले असतील तर टाक यंत्रात."

दुपारी टोपी आला. कॅमेरा त्याच्या हातात होता. "शाळेला फोन केलाय," म्हणाला. "पुढच्या रविवारी पोरं परत कप घेऊन येतील. आईबापांना उत्तर तू द्यायचं. मी गाडीत बसणार."

गेलो. दिली उत्तरं. एका बाईने फैलावर घेतलं, एका गृहस्थाने सगळ्यांसमोर विचारलं, झाकण काढलंय ना या वेळी? या वेळी प्रत्येक जागा बदलली की मोजत होतो, काट्याकडे बघत होतो, आणि मागच्या पडद्यावरही. कोंबडी तर कोंबडी. कप मिळालेली ती मुलगी आता कपासकट आलीय.

हे दादाला सांगू नकोस. त्याच्या म्हणण्यासारखंच झालं असं होईल.

नाही, सांग. सगळं सांग, बॅगेचंसुद्धा.

भिंगरी


२ मे

वहिनी,

तू लिहिलंस, सगळं ऐकून दादाने मशीन थांबवलं नाही. पाय चालूच. शिवण संपल्यावर दोरा तोडला आणि विचारलं, "मग राहिला का?" तू म्हणालीस राहिला. मग विचारलं, "पोरांचे परत काढले?" तू म्हणालीस काढले. त्यावर चहा मागितला.

हे चार वेळा वाचलं. दादाचा नियम मला पाठ आहे, कापड बिघडलं तर गिऱ्हाइकाला नवं शिवून द्यायचं, तोंड लपवायचं नाही. त्याने विचारलं म्हणजे त्याला तेच हवं होतं. तरी तू त्याचं तोंड कसं होतं ते लिहायचं विसरलीस. पुढच्या वेळी तोंडाचं आधी लिही.

आता मोठी बातमी. परवा मावशीचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचं ठरलं, आणि टोपीने मुकादमाला सांगितलं, हा काढेल. मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "शाळेसारखा नको." इथे सगळ्यांना सगळं कळतं.

दिवसपाळी सुटते आणि दुसरी पाळी येते तेव्हाच सगळी माणसं एका जागी असतात, तेही मुकादम घड्याळाकडे बघत असताना. यंत्रं बंद होणार नाहीत हे त्याने आधीच बजावलं. माणसं पांढऱ्या कोटात, मागे रचलेल्या चादरी, आणि मधूनमधून चादरींच्या ढकलगाड्या जाणार. तुला कळतंय ना? 'ए'वर ठेवला असता तर गाडी मागून गेली की कॅमेरा घाबरून उजेड कमी करणार, माणसं काळी पडणार. गाडी गेली की परत वाढवणार. म्हणून 'एम'च पाहिजे. उजेड मोठ्या दारातून येत होता, तो काही बदलत नव्हता. बदलत होत्या नुसत्या चादरी.

'एम' लावताना शाळेचं अंगण आठवलं, खोटं कशाला बोलू. सगळे उभे राहायच्या आधी मी त्यांच्या जागी जाऊन उभा राहिलो, उजेडात तळहात धरला, तळहातावर मोजलं आणि थोडं वाढवलं. टोपीने शिकवलेली युक्ती, चादरीवर मोजलं तर फसतो, हातावर मोजलं तर नाही. एक फोटो काढून मागे बघितला. कोटाच्या घड्या दिसतायत का, बघितलं. परत थोडं कमी केलं. मुकादम म्हणाला, "झालं का मोजून?" मी म्हटलं, "नाही." मला कुणाला असं 'नाही' म्हणता येतं हे मलाच नवीन.

मावशीला मधे बसवलं तर तिला हात कुठे ठेवावेत कळेना. एकदा मांडीवर, एकदा पाठीमागे. मग मी तिच्या हातात एका चादरीचे दोन कोपरे दिले. लगेच ताठ बसली, खांदा होता तसा झाला. "आता काढ," म्हणाली.

कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवून टायमर लावला आणि पळत जाऊन अगदी कडेला उभा राहिलो, तेवढीच जागा उरली होती. पहिल्यात कुणीतरी डोळे मिटले, दुसऱ्यात मुकादम घड्याळ बघतोय. तिसरा सोबत आहे. काढताना मागून गाडी गेलीय बघ, पण कुणाचाही चेहरा काळा पडलेला नाही.

कोट पांढरे आहेत, चादरी पांढऱ्या आहेत, आणि पांढऱ्यात पांढरी घडी दिसते. मावशी फोटो घेऊन दारात गेली. आधी सगळ्यांची नावं घेतली, मग बोटाने स्वतःचा खांदा दाखवला आणि म्हणाली, "तुझ्या भावाला हा पाठव. म्हणावं, आता बघ."

मीही तेच म्हणतो. मी आहे तसा आलोय का, एवढं त्याला विचार.

भिंगरी


२५ मे

वहिनी,

पुडकं आलं. तुझं पत्र वेगळं आलं, त्यात तू लिहिलंस की दादा फोटो कापायच्या टेबलावर ठेवून टेप लावत बसला होता, तुला वाटलं मावशीच्या खांद्याचा विचार करतोय. मग दोन दिवस पांढऱ्या कापडावर काम केलं आणि कुणाचं ते सांगितलं नाही. पोस्टातही स्वतःच गेला.

शर्ट आहे. पांढरा. सोबत चिठ्ठी नाही, शोधून झालं. नीट सांगतो, म्हणजे तू समजशील.

कॉलर पक्की, काज पूर्ण, बाह्या पक्क्या. पण दोन्ही कुशींना, म्हणजे बगलेखालच्या शिवणींना, नुसती कच्ची टीप, लांब लांब टाके, एक धागा ओढला की सुटेल. खालची पट्टीही दुमडलेली नाही. आणि बटणं लावलेलीच नाहीत. ती खिशात, कागदाच्या पुडीत, सुई आणि दोऱ्याचं रीळ सोबत.

घालून बघितला. मानेत चोख. बाही मनगटावर जिथे यायची तिथेच. कुशीत मात्र ढगळ. टोपी म्हणाला, "तुझा भाऊ टेलर आहे ना? मग हे काय शिवलंय?" मी मावशीच्या शेवटच्या दिवसाचा फोटो त्याच्यासमोर धरला. मी कडेला उभा होतो, आणि त्या लेन्समध्ये कडेचा माणूस ताणला जातो, रुंद दिसतो. टोपीने कपाळावर हात मारला, त्यानेच मला ती लेन्स दिली होती. दादाने फोटोवरून माप घेतलं, वहिनी. मान आणि हात त्याने आठवणीतून घेतले असणार, ते बरोबर आलेत. फसला तो नुसता फोटोपुरता.

"मग परत पाठव, दुरुस्त करून देईल," टोपी म्हणाला.

त्याला सांगितलं, कच्च्या टिपेचा शर्ट पाठवायचा नसतो. तो अंगावर घालून दुकानात उभं राहायचं असतं. शिंपी कुशीत टाचण्या लावतो, मग पक्कं शिवतो. कच्ची टीप घातलेला शर्ट दादाने आजवर दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. चिठ्ठी कशाला लिहील तो.

रात्रपाळी नव्हती म्हणून संध्याकाळीच खिडकीशी बसलो आणि बटणं लावली. बसून. पाय वळवळले, पण बसलो. प्रत्येक बटणाखाली दोऱ्याचे वेढे दिले, तो द्यायला सांगायचा आणि मी द्यायचो नाही ते. एकेक ओढून बघितलं. एक सैल वाटलं, ते उसवून परत लावलं. कुशींना हात लावलेला नाही. निम्मं काम त्याने स्वतःकडे ठेवलंय, निम्मं माझ्याकडे पाठवलंय, तर माझं निम्मं नीट असलं पाहिजे.

मुकादमाने रजा दिली, पंधरा तारखेनंतर. मावशीच्या जागी आलेला गडी कोपरे जुळवत नाही, तरी दिली. रजा संपली की मी इकडे परत येणार आहे, टोपीने पुढचे दोन समारंभ माझ्या भरवशावर घेतलेत. हे दादाला आधीच सांगून ठेव, म्हणजे तो स्टूल पुसून ठेवणार नाही. ऐकून त्याचं तोंड कसं झालं तेही लिही.

कॅमेरा आणतोय. दुकानाच्या दारात त्याला उभं करणार आहे, आत अंधार, बाहेर ऊन, सगळ्यात अवघड जागा. तरीही 'एम'वरच काढीन. त्याला सांग, गळ्यातला टेप काढू नकोस. आणि माझ्या कुशीत टाचण्या लावायच्या आधी मी त्याच्या चेहऱ्याजवळ तळहात धरून मोजणार आहे, तेवढा वेळ त्याने हलायचं नाही. काही बोलावंसं वाटलं तर बोलू दे. बोलण्याने फोटो हलत नाही, तेवढा पडदा मी पटकन मिटतो.

भिंगरी

ता.क. फोन करतोय रविवारी. तोच उचलेल. उचलू दे, आणि तू लगेच हात पुढे करू नकोस.